खांबापलीकडचा वाटा

रविवार, ६ ऑक्टोबर

जिंकलो. पण जिंकल्याची चव तोंडात राहू दिली नाही मेल्यांनी. लोक उठायच्या आत क्लबचे अध्यक्ष माइक घेऊन मैदानात आले आणि म्हणाले, आपल्याला नवं स्टेडियम मिळणार. शहराबाहेर, रिंग रोडच्या पलीकडे. "एकही खांब नसलेलं स्टेडियम!" हे पुन्हा पुन्हा सांगितलं. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

खांब नाही म्हणजे काय, हे त्या माणसाला कळणार कसं? तो बसतो मधोमध, गादीच्या खुर्चीवर. आम्ही पत्र्याच्या गॅलरीतले. आमच्या छपराला लोखंडी खांब आहेत, मिठीत न मावणारे. खांबाच्या डावीकडे बसलेल्याला उजवा गोल दिसत नाही, उजवीकडच्याला डावा. म्हणून आमच्या गॅलरीत 'वाटा' असतो. आपल्या न दिसणाऱ्या बाजूला आरडाओरडा झाला की "वाटा!" म्हणायचं, आणि खांबापलीकडच्याने तिकडे काय झालं ते सांगायचं. भांडण असो, अबोला असो, वाटा कोणी अडवायचा नाही हा गॅलरीचा दंडक आहे.

आमच्या खांबाला डावीकडे मी, उजवीकडे दाजी. पूर्वी उजवीकडे ताई बसायची. वडील आम्हा दोघांना घेऊन यायचे आणि मागे उभे राहायचे. ताईचे पाय गेले, ती चाकांच्या खुर्चीत बसली, तेव्हा तिच्या जागेवर दाजी यायला लागले. सुतार माणूस, फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "तो काळ्या कपड्यातला कोणाच्या बाजूने आहे?" असं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आता बरेच शिकलेत. एकच खोड आहे, वाटा फार मोठ्याने देतात, आणि नको इतक्या बारकाईने. मी हातभर अंतरावर, आणि हे ओरडतात, "आपला उंच पोरगा डावा पाय पुढे टाकून उभा आहे, मोजे घोट्यावर आलेत त्याचे!" मी म्हणतो, दाजी, मी बहिरा नाही. ते शर्टाच्या खिशावर हात ठेवून नुसते हसतात. तो हातही कायमचा तिथेच, जसं काही कोणी खिसा मारणार आहे.

मैदानाच्या जागेत आमच्या समर्थक मंडळाचा हिस्सा आहे. सभासदांनी सभेत हात वर केल्याशिवाय एक वीट हलत नाही. आणि मंडळाचा सेक्रेटरी मी आहे. बघू कोण हलवतं ते.

सोमवार, ७ ऑक्टोबर

ताईचा फोन. "काल बॉयलर फार तापला होता म्हणे." रेफरीला उद्देशून मी ओरडलो होतो, याला माझ्या लाँड्रीच्या बॉयलरमध्ये टाकून काढा रे, सगळे डाग जातील. दाजींच्या पोटात काही राहत नाही. घरी जाऊन शब्दन्‌शब्द ओकतात. पण ताई हसत होती, म्हणून काही बोललो नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

आज मंडळाच्या खोलीत क्लबचा आर्किटेक्ट आला होता. टेबलावर पुठ्ठ्याचं छोटं स्टेडियम ठेवलं, फारच गोंडस. आमचे मंडळाध्यक्ष, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते लहान मुलासारखे वाकून बघत होते. मी हाताची घडी घालून उभा राहिलो. मी विचारलं, आमची गॅलरी यात कुठे आहे? तो म्हणाला, गॅलरी नाही, सगळीकडून सगळं दिसेल. मी म्हटलं, सगळ्यांना सगळं दिसलं तर माणसं शेजाऱ्याशी बोलतील कशाला? काही जण हसले. मी विनोद केला नव्हता.

आणि मग दाजी पुढे झाले. आमच्या घरातला माणूस! खिशातून सुताराची पेन्सिल काढून पुठ्ठ्याला लावली आणि विचारायला लागले, हा चढ किती? कठडा कुठून सुरू होतो? दरवाजा किती रुंद? लिफ्ट आहे का? आर्किटेक्ट खूश. आणि शेवटी दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "चांगलं आहे. माझा पाठिंबा आहे."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "दारं-खिडक्यांचं काम तुम्हालाच मिळणार असेल, दाजी. मापं आत्तापासूनच घेताय."

दाजींचा चेहरा पडला. त्यांनी पेन्सिल कानामागे लावली, म्हणाले, "असं वाटतं तुला?" आणि निघून गेले. उत्तर द्यायला थांबले नाहीत, यातच काय ते आलं. निर्दोष माणूस भांडला असता.

घरी हे बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, "चढ किती हेच का विचारलं असेल हो त्यांनी?" मी म्हटलं, सुतार आहे, लाकूड किती लागेल ते बघत असेल. तिने पुढची भाजी चिरायला घेतली.

बुधवार, १६ ऑक्टोबर

ताईकडे धुतलेले पडदे द्यायला गेलो. दाजी कामावर असतील अशीच वेळ धरली. त्यांनी उंबऱ्यावर ती उतरती फळी ठोकून ठेवली आहे, मला दर वेळी तिच्यावर ठेच लागते. आजही लागली. ताई म्हणाली, "कधीतरी बघून चालत जा."

स्टेडियमचा विषय मी काढला नाही, तिनेच काढला. तिला जुनी गॅलरी आठवते. पत्र्यावर पाऊस पडला की शिट्टी ऐकू यायची नाही ते, वडील मागून आमच्या डोक्यावर रुमाल धरायचे ते. मी म्हटलं, बघ, तुलाही वाटतं ना, ती राहायला हवी? ती म्हणाली, "गॅलरी छान होती रे." एवढंच. म्हणजे ती माझ्या बाजूची आहे, नवऱ्यापुढे बोलता येत नसेल.

मग म्हणाली, "सभा कुठे घेताय?"

"वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. मीच ठरवला. पंखे आहेत, खुर्च्या आहेत."

"वरच्या." थोडा वेळ ती पडद्याच्या घड्या नीट करत बसली, मी त्या नीटच केल्या होत्या तरी. मग विचारलं, "जिना कसा आहे?"

"चांगला रुंद आहे. कितीही गर्दी झाली तरी मावेल."

"बरं," म्हणाली. चहा मात्र आज पाणचट झाला होता.

रविवार, २० ऑक्टोबर

आज सामना होता.

दाजी आले आणि आपल्या जागेवर बसले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी ठरवूनच गेलो होतो. ज्याला खांब नको आहे, त्याला खांबाचा वाटा कशाला?

सामना सुरू झाला. दाजी आपली बाजू मोठमोठ्याने बोलत होते, नेहमीसारखे, माझ्याकडे न बघता. मला डिवचायला. मी लक्ष दिलं नाही. मग खेळ माझ्या बाजूला आला. आपला गोलकीपर पुढे धावला, चुकला, चेंडू त्याच्या हाताखालून गेला. सगळी गॅलरी हाय हाय करायला लागली. पलीकडून दाजींचा आवाज आला, "वाटा!"

मी मूग गिळून बसलो.

"वाटा! काय झालं?"

मागच्या बाकावरचा भोंगा (हा सामन्याला भोंगा आणतो म्हणून त्याचं नाव तेच पडलं) मला म्हणाला, "सेक्रेटरी, वाटा मागताहेत." मी म्हटलं, तू तुझा भोंगा वाजव. दाजींनी पुन्हा एकदा म्हटलं, "वाटा दे रे." या वेळी आवाज मऊ होता, जवळजवळ विनवणीचा. मला वाटलं, आला गडी ताळ्यावर. तरी मी बोललो नाही.

गॅलरीतले लोक माझ्याकडे बघत होते. बघेनात का. पण सामना संपल्यावर उठताना लक्षात आलं, उजवीकडे आपण बरोबरी साधली ते मी पाहिलंच नव्हतं. लोक नाचले म्हणून मला कळलं. कोणी मारला, कसा मारला, ते भोंग्याला विचारायची लाज वाटली. अर्धाच सामना बघून घरी आलो.

सोमवार, २१ ऑक्टोबर

आजचा दिवस खराब.

दुपारी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटावरचा शाईचा डाग काढत होतो, तेवढ्यात ताईचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाली, "भांडण तुमचं दोघांचं आहे. त्यात माझा वाटा का अडवलास?"

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

दुकान वडिलांचं. मशीन माझी, बॉयलर मी बसवलेला, पण जागा वडिलांची. ताईने इतक्या वर्षांत कधी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. आणि आज, सभा तोंडावर आलेली असताना, वाटा मागते! हिला हे कोणी शिकवलं हे सांगायला ज्योतिषी नको. स्टेडियमला विरोध करतोस काय, थांब, तुझं दुकानच मोडतो.

मी म्हणालो, "वाट्याचं बोलायचं असेल तर वकिलाकरवी बोल."

ती म्हणाली, "वकील कशाला रे मध्ये?" तो आवाज डोक्यातून जात नाहीये. मी फोन ठेवला. कोटावरचा डाग आणखी पसरला, गिऱ्हाइकाला काय सांगू आता?

मंगळवार, २२ ऑक्टोबर

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "वन्सं आणि दुकान मागतील? नीट ऐकलंत का तुम्ही?" मी म्हटलं, 'माझा वाटा' हे शब्द मी या कानांनी ऐकलेत. ती म्हणाली, "वाटा तुमच्या गॅलरीतही असतो ना?" मी म्हटलं, ताई चार वर्षांत गॅलरीत आलेली नाही, तिला कसला वाटा? बायकोला व्यवहारातलं काही कळत नाही.

भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही. दुकान गेलं तर मी दुसरं काय करणार? आणि दुकानापेक्षा जास्त दुसरीच भीती वाटते. ताई माझ्या विरुद्ध उभी आहे, असा दिवस आयुष्यात आला नव्हता.

शनिवार, २६ ऑक्टोबर

उद्या सभा. पोरांनी 'खांब हलणार नाही' असं रंगवलेलं कापड मी धुऊन, कडक इस्त्री करून ठेवलं. भाषण लिहिलंय. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "छान आहे. ऐकायला वन्सं हव्या होत्या." मी विषय बदलला.

रविवार, २७ ऑक्टोबर

सगळं सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

हॉल खच्चून भरला होता. लोक भिंतींना टेकून उभे. आर्किटेक्ट आधी बोलला. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी हुर्यो केली. एकाने खुर्ची उचलली, दुसऱ्याने ती खाली ठेवायला लावली. मास्तरांचा आवाज बसला होता. माझी पाळी आर्किटेक्टनंतर. तो आवरतं घेत होता तेवढ्यात भोंगा माझ्या कानाला लागला. "सेक्रेटरी, तुमचे दाजी जिन्याच्या दारात उभे राहून फोनवर कोणाला तरी इथलं सगळं सांगताहेत."

मला हेच हवं होतं. क्लबच्या अध्यक्षांना बातम्या पुरवतोय! सगळ्यांसमोर हात धरून उभा करतो, म्हटलं. भिंतीच्या कडेने दारापाशी गेलो. दाजी पाठमोरे, एक पाय जिन्यावर, फोन तोंडाशी.

"आर्किटेक्ट बसला. पाणी पितोय. मास्तर चष्मा पुसताहेत. डावीकडचे काय बोलतात ते इथून ऐकू येत नाही. आता पाळी तुझ्या भावाची. थांब, खुर्ची रिकामी आहे. गेला कुठे हा?"

आणि जिन्याच्या तळातून हसू आलं. ते हसू मी जन्मल्यापासून ओळखतो.

"इथे आहे मी," मी म्हणालो.

दाजी दचकले. मी त्यांच्या बाजूने खाली उतरलो. तळाशी, सायकली लावतात तिथे, खुर्चीत ताई बसली होती. कानाला फोन, अंगावर ठेवणीतली साडी, पदराला मंडळाचा जुना बिल्ला.

"तू इथे काय करतेस?"

"सभेला आले. सभासद आहे मी, तुझ्याही आधीपासून."

"मग वर का नाही..." एवढं बोललो आणि जिन्याकडे बघितलं. चांगला रुंद होता. कितीही गर्दी झाली तरी मावेल असा.

दाजी मागून उतरून आले. म्हणाले, "सामन्याचंही असंच करतो. फोन खिशात चालू ठेवतो. उजवीकडचं मी बोलतो, डावीकडचं तू मला सांगायचास ते हिला ऐकू जायचं. तुला सांगणार होतो, हीच नको म्हणाली."

"ताई ऐकतेय हे कळलं असतं तर तू मनमोकळ्या शिव्या दिल्या नसत्यास," ताई म्हणाली. "मग सामन्यात काय राहिलं? आणि परवा तू तोंडच मिटलंस. मी घरात एकटी, फोन कानाला लावून. सगळे ओरडताहेत, आणि काय झालं ते कळेना. हे मागताहेत, तू देत नाहीस. गॅलरीत असं कधी झालंय का रे? म्हणून म्हटलं तुला, माझा वाटा का अडवलास."

"तो वाटा?"

"दुसरा कुठला?"

"मला वाटलं दुकानातला."

"म्हणून वकील!" असं म्हणून ताई हसायला गेली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "तुला असं वाटलं? माझ्याबद्दल?"

मला लाज वाटली. इतकी लाज वाटली की दाजींकडे बघायचीही हिंमत होईना. दाजी कानामागची पेन्सिल काढून उगाच तिचं टोक बघत होते. चढ किती, कठडा कुठून, दरवाजा किती रुंद. आता कळलं मला, मापं कोणासाठी घेत होते ते.

वरून मास्तरांनी माझं नाव पुकारलं. मी वर गेलो, माइक घेतला आणि म्हणालो, सभा खाली घ्यायची आहे. गोंधळ झाला. मास्तर म्हणाले, "स्थळ असं ऐनवेळी बदलता येत नाही. मंडळाच्या घटनेत..." मी म्हटलं, "मास्तर, घटना राहू द्या वर. आपण खाली जाऊ. एक सभासद खाली आहे."

भोंग्याने पहिली खुर्ची उचलली. मग हातोहात खुर्च्या खाली गेल्या. सायकली बाजूला केल्या. माणसं दोन्ही बाजूंनी शिव्या घालत उतरली, पण उतरली. ताईला बघून बरेच जण गप्प झाले. कितीतरी जणांनी तिला त्या खांबाजवळ पाहिलेलं होतं.

मी म्हणालो, "मला काही बोलायचं नाही. मतं घ्या."

"हे चालणार नाही," ताई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तू विरोधात आहेस ना? मग बोल. एकाच बाजूचं ऐकून मी हात वर करणार नाही. माझा वाटा दे."

मग मी बोललो. कागद काढलाच नाही. खांबाबद्दल बोललो, वडिलांच्या रुमालाबद्दल, पत्र्यावरच्या पावसाबद्दल. सगळ्यांना सगळं दिसायला लागलं की कोणाला कोणाची गरज उरणार नाही, हेही बोललो. मला ते तेव्हाही खरं वाटत होतं, आत्ताही वाटतं. ताई मान हलवून ऐकत होती, डोळे पुसत होती. कापडावर 'खांब हलणार नाही' लिहिलेलं, ते पोरांनी अर्धवट उघडून तसंच धरलं होतं.

मग मास्तरांनी विचारलं, नव्या स्टेडियमच्या बाजूने कोण? ताईचा हात सगळ्यांत आधी वर गेला. पार वर, वर्गातल्या मुलीसारखा. त्यानंतर हात वर जातच राहिले.

विरोधात कोण, असं विचारलं तेव्हाही बरेच हात होते, पण पुरे नव्हते. माझा हात दोन्ही वेळा खालीच राहिला.

हरलो. खांब जाणार.

सोमवार, २८ ऑक्टोबर

कोटवाल्याला भरपाई म्हणून नवा कोट देणार आहे. बायकोने "नीट ऐकलंत का?" हा प्रश्न आज पुन्हा विचारला नाही. न विचारता इतकं काही विचारता येतं, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी दाजींकडे गेलो. माफी मागायची होती, वाक्य पाठ करून गेलो होतो. दारातल्या फळीवर ठेच लागली आणि थेट त्यांच्या अंगावर आदळलो. ते म्हणाले, "झाली मागून. ये, बस." ताई आतून हसत होती.

रविवार, ३ नोव्हेंबर

आज पाहुणा संघ तगडा. सुरुवातीपासून सगळा खेळ माझ्याच बाजूला. पलीकडून दाजींनी खांबाला वळसा घालून हात पुढे केला, हातात फोन. "डावीकडचं तूच सांग तिला. मी किती दिवस तुझं उष्टं सांगू?"

मी फोन कानाला लावला आणि सांगायला लागलो. "गेला, गेला, अरे आला, हाणला! नाही, गेला..."

"कोण गेला? कुठे गेला?" ताई वैतागली. "आमचे हे किती छान सांगतात. नीट बघ आणि सांग."

मग मी नीट बघायला लागलो. गोलकीपरने दोन्ही हात गवताला पुसले ते सांगितलं. उंच पोरग्याचे मोजे घोट्यावर आलेत ते सांगितलं. रेफरीच्या शर्टाला पाठीवर हिरवा डाग पडलाय, निघायला कठीण, तेही सांगितलं. इतकी वर्षं इथे बसतो, पण यातलं अर्धंअधिक मी कधी पाहिलंच नव्हतं. मध्ये एकदा ताई ऐकतेय हे विसरून रेफरीला अशी शिवी हासडली की तिकडून ती खो खो हसली. "आत्ता कसं घरी आल्यासारखं वाटलं," म्हणाली.

मध्यंतरात गॅलरी जरा शांत झाली. तिने विचारलं, "खांब कसा आहे?"

मी हात लावून बघितला. "गार आहे. रंगाचे पोपडे निघालेत."

ती म्हणाली, "नव्या ठिकाणी मी तुझ्या शेजारी असेन, आणि मध्ये खांब नसेल. मलाही सगळं दिसेल, तुलाही. मग माझ्याशी बोलशील काय तू?"

खरं तर तेच भाषणात बोललो होतो मी, पण तेव्हा ते मैदानाबद्दल होतं. सामना पुन्हा सुरू झाला, चेंडू पलीकडे गेला, दिसेनासा झाला. एकदम उजवीकडून एवढा मोठा आवाज उठला की छपराचा पत्रा थडथडला. फोनमध्ये ताई ओरडत होती, "काय झालं? अरे, काय झालं?"

मी खांबाला गाल टेकवून पलीकडे ओरडलो, "दाजी, वाटा!"

दाजींनी सगळं सांगितलं, मोज्यांसकट. मी ते जसंच्या तसं ताईला दिलं.